कपोत, पिंगला आणि बारा पायऱ्या

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



अवधूतांच्या चोवीस गुरूंची यादी आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. पृथ्वी, वायू, आकाश यांपासून कोळी आणि भ्रमरकीटापर्यंत आपण ती घडाघडा म्हणतो. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायांत, यदुराजा आणि अवधूत यांचा हा संवाद येतो. नाथमहाराजांनी तो एकनाथी भागवतात मराठीत आणला. यंदा या चोवीसांतले मोजकेच गुरू मी घेणार आहे, कारण विषय जरा वेगळा आहे. दारूचे व्यसन, आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी जगभर चालवल्या जाणाऱ्या बारा पायऱ्या.

दत्तजयंतीच्या अंकात दारूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण शहाड, उल्हासनगर, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आपण सगळे चाळीत, कॅम्पात, कॉलनीत भिंतीला भिंत लावून राहतो. शेजारच्या घरात रात्री काय चालते ते ऐकू येतेच. गुरुवारी आरतीला उभ्या असलेल्या कोणाच्या घरी हे दुखणे आहे, हे बाजूच्याला माहीत असते. प्रसादाच्या रांगेत मात्र कोणी एक शब्द बोलत नाही. मधुमेहावर बोलतो, गुडघ्यांवर तर तासभर बोलतो, यावर नाही. म्हणून अंकात लिहितो.

आधी अवधूतांकडे जाऊ. यदुराजाने विचारले, महाराज, तुम्ही काही काम करीत नाही, तरी इतके आनंदात कसे? अवधूत म्हणाले, मला पुष्कळ गुरू आहेत. आता हे गुरू कोण, ते नीट पाहा. पतंग दिव्यावर झेप घेऊन जळतो. हत्ती हत्तिणीच्या मोहाने खड्ड्यात पडतो. हरीण गाण्याला भुलते. मासा गळाला लावलेल्या आमिषासाठी तोंड उघडतो आणि अडकतो. ही सगळी फसलेली मंडळी आहेत. अवधूत त्यांना हसले नाहीत, त्यांच्यावर प्रवचनही केले नाही. त्यांना गुरू म्हटले. माशाच्या प्रसंगात भागवत सांगते की बाकीची इंद्रिये जिंकली तरी जीभ जिंकली नाही तोवर माणूस जितेंद्रिय नव्हे. बाटलीपुढे बसलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जो फसला त्याच्याकडून शिकायचे, ही गोष्ट ध्यानात ठेवून आता एकदम अमेरिकेत चला.

सन 1935 चा मे महिना. ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन नावाचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तिथे आले होते. शेअर बाजारातला माणूस, दारूने पार धुळीला मिळालेला, पण गेले काही महिने न पिता राहिलेला. काम फिसकटले. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटे उभे, खिशात पैसे बेताचे, आणि पलीकडून बारमधल्या हसण्याचे आवाज. त्यांच्या लक्षात आले की आता आपण आत जाणार. मागच्या काही महिन्यांत त्यांनी कित्येक दारुड्यांना उपदेश केला होता. त्यातला एकही सुधारला नव्हता. पण त्या काळात ते स्वतः प्यायले नव्हते! म्हणजे दुसऱ्या दारुड्याशी बोलणे हे त्यांच्या स्वतःच्याच औषधासारखे होते. त्यांनी तिथल्या चर्चांना फोन लावले आणि विचारले, इथे कोणी माझ्यासारखा आहे का? असे करत करत त्यांची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांच्याशी पडली. हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, आणि तेही दारूच्या पुरते आहारी गेलेले. थोडा वेळ बसू म्हणून बसले आणि तासन् तास बोलत राहिले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी. तोच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, या संघटनेचा स्थापना दिवस धरतात. 1939 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात बारा पायऱ्या छापल्या गेल्या.

डॉक्टर स्मिथना तोवर उपदेश करणारे काय कमी भेटले असतील? पण समोर बसलेला माणूस स्वतः जळालेला पतंग होता, म्हणून त्याचे ऐकले. यदुराजाला अवधूतांनी हेच सांगितले होते, असे मला वाटते.

या बारा पायऱ्या कोणा एका धर्माच्या नाहीत. त्यात ‘ईश्वर’ हा शब्द येतो, पण प्रत्येकाला जसा उमगेल तसा ईश्वर, असे मुद्दाम म्हटले आहे. पहिल्या सभासदांत देव न मानणारेही होते, त्यांच्या आग्रहाचा त्यात वाटा आहे. आपल्याला यात अडचण येऊ नये. इष्टदेवता ज्याची त्याची, हे आपल्याकडे आजीच्या मांडीवर शिकवतात.

पहिल्या तीन पायऱ्या थोडक्यात अशा. दारूपुढे माझे काही चालत नाही आणि माझे जगणे माझ्या हाताबाहेर गेले आहे, हे कबूल करणे. माझ्यापेक्षा मोठी शक्ती मला ताळ्यावर आणू शकेल, असा विश्वास धरणे. आणि स्वतःला त्या शक्तीच्या हाती सोपवण्याचा निर्णय करणे.

पहिल्याच पायरीवर आपली ज्येष्ठ मंडळी अडतात. ‘माझे काही चालत नाही’ असे म्हणायचे? मग मनोनिग्रह कुठे गेला? आपल्याकडे तर शपथ घ्यायची रीत. देवासमोर उभे करायचे, नारळावर हात ठेवायला लावायचा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा. आणि दत्तमहाराज म्हणजे कडक दैवत, तेव्हा शपथ त्यांचीच! पुढे काय होते ते पाहिलेले आहे. आठ दिवस, पंधरा दिवस, फार तर गटारी अमावस्येपर्यंत. मग शपथ मोडते. शपथ मोडली की तो मंदिराच्या रस्त्याने यायचा बंद होतो. तोंड कसे दाखवणार? दारू सुटायची राहिली बाजूला, देव मात्र सुटला. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठी आपणच देवाचे दार लावून घेतो. शपथ ही स्वतःच्या बळावर काढलेली हुंडी आहे, आणि त्या खात्यात शिल्लक नाही हेच तर दुखणे आहे.

इथे पिंगला आठवावी. विदेहनगरीतली ही गणिका. एका संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. हा येईल, तो येईल, आता येणारा भरपूर धन देईल. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र झाली, कोणी आले नाही. तेव्हा ती मनातून थकली, आणि त्या थकण्यातून तिला कळले की आपण कशाची वाट पाहत होतो. तिने आशा सोडली, भगवंताला धरले आणि शांत झोपली. पिंगलेने शपथ घेतली नाही, हे लक्षात घ्या. तिने हार कबूल केली. ‘अजून एकदा, या वेळी प्रमाणात घेईन’ ही जी दारुड्याची आशा असते, तिचे आणि पिंगलेच्या दारातल्या येरझारांचे नाते फार जवळचे आहे. पहिली पायरी म्हणजे मध्यरात्र होणे. मध्यरात्र प्रत्येकाची वेगळ्या वेळी होते. कोणाची नोकरी जाते तेव्हा, कोणाची मुलगी बोलायची बंद होते तेव्हा.

चौथ्या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती माझ्या पेशाची आहे. तिथे स्वतःची न घाबरता, लेखी तपासणी करायची असते. एएच्या पुस्तकात याला दुकानदाराच्या मालमोजणीची उपमा दिली आहे. जो व्यापारी माल मोजत नाही तो बुडतो. आम्ही कॉमर्सवाले याला ताळेबंद म्हणू. आणि दत्तसंप्रदायात तर याचा आद्य दाखला नाथमहाराजांचाच आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेबाचे काम दिले होते. एका रात्री एका पैचा फरक येत होता. नाथ दिवा लावून रात्रभर वह्या चाळत बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. जनार्दनस्वामी म्हणाले, एक पै सापडल्यावर एवढा आनंद, मग हेच चित्त ईश्वराकडे लावलेस तर! कीर्तनात आपण ‘हेच चित्त ईश्वराकडे’ एवढेच ऐकून घरी येतो. मी बँकेत छत्तीस वर्षे काढली, मला त्या टाळीचेच जास्त अप्रूप वाटते. चूक सापडली म्हणून माणसाने टाळी वाजवली. लपवली नाही, दुसऱ्याच्या टेबलावर ढकलली नाही.

आमच्याकडे न जुळणारी रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायचे. वर्षभर तिथेच लोळणाऱ्या नोंदी असत, ऑडिटर आला की धावपळ. दारुड्याचे मन म्हणजे असेच एक सस्पेन्स खाते. बायकोने असे केले म्हणून प्यायलो, साहेबाने तसे केले म्हणून प्यायलो, भावाने वाटणीत फसवले म्हणून. सगळे दुसऱ्याच्या नावे टाकलेले. चौथ्या पायरीवर एकेक नोंद काढून ज्या त्या खात्यावर न्यायची, आणि त्यात माझा भाग किती तो माझ्या नावे लिहायचा. जमेची बाजूही लिहायची हो! आई आजारी असताना रात्र रात्र जागलो होतो, हेही वहीत आले पाहिजे. ताळेबंदाला दोन बाजू असतात.

पाचवी पायरी म्हणजे हे सगळे देवासमोर, स्वतःसमोर आणि आणखी एका माणसासमोर उघड करणे. देवासमोर सांगणे सोपे असते, मूर्ती उलट बोलत नाही. म्हणूनच तो ‘आणखी एक माणूस’ फार महत्त्वाचा. तो बहुधा सभेतलाच जुना सभासद असतो, त्याला ते ‘स्पॉन्सर’ म्हणतात. सहावी आणि सातवी पायरी आपल्या दोषांतून सुटायची मनाची तयारी करण्याची आणि तशी नम्र विनंती करण्याची, त्यावर लांबण लावत नाही.

आठवी आणि नववी मात्र पुन्हा हिशेबाची. ज्यांना ज्यांना दुखावले त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची. एक अट आहे: त्या भरपाईने त्यांना किंवा इतर कोणाला इजा होणार असेल तर करायची नाही. केवढी शहाणी अट! आपले मन हलके व्हावे म्हणून दुसऱ्याच्या संसारात विस्तव टाकायचा नाही. नुसते ‘माफ करा’ म्हणूनही चालत नाही. घेतलेले पाचशे परत द्यायचे, हप्त्याने का होईना. दहावी पायरी रोजची, बँकेत दिवसाअखेर रोकड जुळवतात तशी. अकरावी प्रार्थना आणि ध्यानाची. बारावी, जे मिळाले ते दुसऱ्या व्यसनी माणसापर्यंत पोचवण्याची आणि रोजच्या व्यवहारात तसेच वागण्याची.

या पायऱ्या एकदा चढून संपत नाहीत. एएमधले लोक ‘आजचा दिवस’ एवढेच बोलतात. आज प्यायलो नाही, उद्याचे उद्या. गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातली कथा आठवते ना? कुष्ठ झालेला नरहरी ब्राह्मण गाणगापुरी आला. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगितले. लोक हसले. वाळल्या लाकडाला कुठे पालवी फुटते? तो घालत राहिला. मग एक दिवस श्रीगुरू आले आणि कमंडलूतले पाणी शिंपडले. आपण सगळे त्या शेवटच्या पाण्याचे कौतुक करतो. पण त्याआधीचे दिवस, लोकांचे हसणे ऐकत घागर भरून आणण्याचे, ते व्यसनी माणसाचे खरे दिवस. सोडून दोन महिने झालेल्याला शेजारी विचारतात, “काय रे, किती दिवस टिकणार?” हे विचारू नये.

आता आपल्याविषयी, म्हणजे घरच्यांविषयी. कारण हा अंक पिणाऱ्यापेक्षा त्याचे आईवडील, बायको, सासरेच जास्त वाचणार.

अवधूतांचा आठवा गुरू कपोत. पारवा आणि पारवी, झाडावर घरटे, पिल्लांवर जीव. एकदा दोघे चारा आणायला गेली असता पारध्याच्या जाळ्यात पिल्ले सापडली. पारवीने पाहिले, आक्रोश केला आणि तीही जाळ्यात पडली. पारव्याने पाहिले, आता माझे जगून काय, म्हणून त्यानेही उडी घेतली. पारधी एका जाळ्यात सगळे कुटुंब घेऊन घरी गेला.

मुदत ठेवींच्या काउंटरवर मी ही जाळ्यातली उडी कितीदा तरी पाहिली आहे. मुदत संपायला सात-आठ महिने असताना ठेव मोडायला आलेले म्हातारे जोडपे. व्याज कमी मिळेल हो, असे सांगितले की आजी म्हणायची, “असू द्या साहेब, आजच पाहिजेत.” कारण विचारायचा प्रश्न नव्हता, बाहेर बाकावर मुलगा बसलेला दिसे. काहींनी कर्जाला जामीन म्हणून सह्या केल्या आणि पुढे पेन्शन त्यात गेली. कामावर ‘ताप आला आहे’ म्हणून फोन करणारी बायको, गुत्त्याची उधारी चुकवणारा बाप, रात्री दार उघडून ताट वाढणारी आई. हे प्रेम आहे, त्यात शंका नाही. पण पारव्याचेही प्रेमच होते, आणि पिल्लांपैकी एकही त्याने सुटले नाही.

1951 मध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस आणि त्यांच्या एका मैत्रिणीने व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ ही वेगळी संघटना काढली. पायऱ्या जवळजवळ त्याच. त्यातली पहिली घरच्यांनाही लागू: त्याच्या दारूपुढे माझे काही चालत नाही. मी ती आणली नाही, मी ती बंद करू शकत नाही. मी काय करू शकतो? जाळ्याबाहेर राहू शकतो. उधारी फेडायची नाही, खोटे फोन करायचे नाहीत, जेवायला मात्र घालायचे आणि ‘उपचाराला चलतोस तर आत्ता उठतो’ हे दर वेळी सांगायचे. मारहाण होत असेल तर सुनेने आणि नातवंडांनी त्या घरात थांबू नये, हेही सासूसासऱ्यांनीच पुढे होऊन म्हटले पाहिजे.

पुण्यात ‘मुक्तांगण’ने हे फार आधी ओळखले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. त्याची सगळी घडी बसवली ती डॉ. सुनंदा अवचट यांनी. पस्तीस दिवसांचा तिथला उपचार, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट. तिथे काम करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून उठलेले पुष्कळ जण आहेत. म्हणजे पुन्हा अवधूतांचीच रीत! मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी 1981 मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून गेलेले, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ख्रिस्ती धर्मगुरूने पुण्याच्या योगाचार्यांकडून घेतलेले आपण कौतुकाने सांगतो, तर अमेरिकेतल्या दोन दारुड्यांकडून आपण घ्यायला हरकत नसावी.

एक कळकळीचे सांगणे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडून त्याला खोलीत कोंडू नये, की परस्पर पारायणाला बसवू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, भलतेसलते दिसू लागते, जिवावरही बेतते. याला ‘बाहेरची बाधा’ समजून वेळ घालवू नये. आधी डॉक्टर, मग पायऱ्या, आणि पारायण दोन्हींच्या जोडीने. तसेच ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर आमटीत कालवू नये. दारू प्यायल्यास त्रास व्हावा आणि त्या धाकाने पिणे टळावे म्हणून देतात ते डायसल्फिराम हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून द्यायचे असते. न सांगता दिले आणि तो वर प्यायला तर प्रकृती गंभीर होऊ शकते. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. एएच्या सभांना फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद आपापसांत वर्गणी काढून चहा-जागेचा खर्च भागवतात. कल्याण-डोंबिवलीकडेही अशा सभा भरतात, मराठीत आणि हिंदीत.

आपल्याकडच्याच एका घरात या वर्षी वेगळाच पेच आला. मुलाची सभा गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, आणि मंदिरातली आरतीही सातला. वडील निष्ठावंत, चाळीस वर्षांत गुरुवार चुकलेला नाही. त्यांचे म्हणणे, देवाला सोडून तो कुठे जाणार? मला विचारायला आले. मी म्हटले, अण्णा, जाऊ द्या त्याला सभेला. साडेआठला येतो ना घरी? प्रसादाचा द्रोण झाकून ठेवत चला.

आता ते तसे ठेवतात.